वेईंच्या खोलीतले ओले टॉवेल

लुआन शूफनच्या आवाजाबद्दल चीनच्या ईशान्येकडल्या आमच्या यीचुनमध्ये एक गोष्ट सांगतात. एकदा ती तळमजल्यावरच्या दारातून नवऱ्याला म्हणाली, "मीठ आणायचं राहिलं," आणि सहाव्या मजल्यावरच्या शिंग आजीने वाटीभर मीठ खाली पाठवलं. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे, आवाज मात्र खरा होता. नवरा वेई देशुन तरुणपणापासून लाकूडगिरणीत करवतीपाशी उभा राहिलेला. गिरणी बंद पडली, पण त्याचे कान तिच्याही आधी बंद पडले होते. कानात घालायचं यंत्र मुलीने दक्षिणेकडून पाठवलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून त्याने खणात टाकलं. तेव्हापासून शूफन ओरडूनच संसार करत आली. त्या घरात काय शिजतंय, कुणाचं पोट बिघडलंय, मुलगी फोनवर काय म्हणाली, हे सहाच्या सहा मजल्यांना ठाऊक असायचं.

असा गळा असल्यावर जिन्याचं, म्हणजे त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांचं, प्रमुखपण तिच्याकडे येणारच. कचरा कुणी बाहेर ठेवला, दिवा कुणी चालू ठेवला, सायकल कुणी आडवी लावली, हे ती मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये लिहायची आणि वर जिन्यात उभी राहून बोलूनही दाखवायची. लोक तिला घाबरत आणि तिच्याशिवाय त्यांचं अडतही असे. खोटं ती बोलत नसे, हे तिचे शत्रूही मान्य करत. त्या नावावर ती जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

हिवाळा आला की आमच्याकडची माणसं दोन गोष्टींनी हैराण होतात, बाहेर थंडीने आणि आत उबेने. रेडिएटर तापले की आठवड्याभरात खोलीतली हवा फुटाण्यासारखी कोरडी होते. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, आणि झोपेत घसा असा सुकतो की माणूस स्वतःच्याच खोकल्याने जागा होतो. यावर ज्याचा त्याचा उपाय. कुणी रेडिएटरखाली पाण्याचं घमेलं ठेवतं, कुणी मासे पाळतं, कुणी धुणं मुद्दाम खोलीत वाळत घालतं. शूफनला तर पहाटे पहाटे नाकातून रक्त यायचं. मुलीने वाफ सोडणारं यंत्रही पाठवलं होतं, पण त्यामुळे टीव्हीवर पांढरी भुकटी धरली आणि तेही खणात गेलं. त्या घराचा खण म्हणजे मुलीच्या मायेचं गोदामच होता.

मग देशुनने ते काम अंगावर घेतलं. बायको सकाळी बाजाराला गेली की तो जाड टॉवेल भिजवून रेडिएटरवर पसरायचा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना घमेली भरून ठेवायचा, फरशी ओल्या फडक्याने पुसून काढायचा. दुपारी परत एकदा, झोपायच्या आधी परत एकदा. त्याच्या बोटांची पेरं गिरणीतल्या हिवाळ्यांनी कायमची सुजलेली, तरी एक दिवस चुकवला नाही. शूफनचं नाक बरं झालं. ती जिन्यात सांगत सुटली, "बहिरा असला म्हणून काय झालं? माझं नाक त्याला ऐकू येतं!" बायका हसायच्या आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या.

डिसेंबरात शिंग आजीचं घर थंड पडलं. खालचे सगळे मजले बनियनवर बसलेले आणि सहाव्या मजल्यावर म्हातारी कानटोपी घालून पलंगावर. हीटिंग कंपनीचा फांग नावाचा माणूस येऊन पाइप ठोकून गेला. म्हणाला, "कुणीतरी रेडिएटरच्या तोटीतून पाणी काढतंय. पाणी गेलं की पाइपात हवा शिरते आणि वरच्या मजल्याला ऊब पोचत नाही. गरम पाणी फुकट मिळतं ना, लोकांना मोह होतो."

शूफनचं डोकंच फिरलं. त्या म्हातारीला रोज दुपारी गरम सूप नेऊन देणारी ती, आणि तिच्याच जिन्यात हे! मोह कुणाला होईल याचा तिने विचार केला, आणि फार लांब जावं लागलं नाही. पाचव्या मजल्यावर सुनोक राहत होती. सुनोक कोरियन वंशाची, विधवा, दोन वर्षांपूर्वी यानबियनहून आलेली. घरी तिखट कोबीचं लोणचं घालायची आणि बरण्या भरून विकायची. कोबी धुवायला पाणी लागतं, आणि या दिवसांत नळाला बर्फ येतो. दिवसभर तिच्या मोरीचा आवाज ऐकू यायचा. झालं, शूफनच्या मनाने निकाल दिला.

तिने नाव घेतलं नाही असं नाही. पहिल्या दिवशी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी घेतलं. जिन्यात सुनोक समोर आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "सुनोक, ज्यांच्या घरी ढिगाने कोबी धुतले जातात, त्यांनी पाणी कुठून येतं ते सांगावं. वर एक म्हातारी गारठून मरायला टेकलीय."

"गॅसवर तापवते, ताई," सुनोक म्हणाली. "वर येऊन बघा ना. पातेलं दाखवते."

"चोर काय, पातेलं दाखवणारच. तोटी कोण दाखवतो?"

सुनोकही काही मुकी नव्हती. "लुआन ताई," ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला तोटी बसवली ना, तर सहावा मजलाच काय, गच्चीसुद्धा तापेल!"

लोक हसले, आणि हसले म्हणूनच शूफनने तो शब्द मनात धरला. पुढे रोज ती काही ना काही बोलत राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या थाओ वहिनीने लोणच्याची बरणी न उघडता परत केली. इतरांनी परत नाही केली, पण नवी घेतली नाही. पाचव्या मजल्याच्या दाराशी बरण्या साचू लागल्या. सुनोकची थट्टा आटली. ती जिन्यातून भिंतीच्या कडेने जाऊ लागली, आणि समोरून कुणी आलं की पायऱ्यांकडे बघायची. त्या दिवसांत तिला पाहून मान डोलावणारा, "काय पोरी, जेवलीस का?" म्हणणारा आणि पूर्वीसारखीच बरणी मागणारा जिन्यात एकटा देशुन होता. तिची कोबीची पोती तोच खालून वर चढवून द्यायचा. तिच्यावर काय आळ आलाय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला ऐकू कुठे येत होतं?

पुरावा हवा म्हणून शूफनने कंपनीच्या मागे लकडा लावला. शेवटी फांग कंटाळून म्हणाला, "ठीक आहे ताई, पाण्यात रंग टाकतो. हिरवा. जो पाणी काढेल त्याची भांडी, फडकी, हात सगळं बोलेल. मग मी घरोघर बघून जाईन. पण कुणाला कळता कामा नये, नाहीतर मेहनत वाया."

शूफनने गुपित छातीशी धरलं. देशुनलासुद्धा सांगितलं नाही. त्याला सांगायचं म्हणजे सहा मजल्यांना सांगायचं. शिवाय त्याला सांगून करायचं काय? त्याचा काय संबंध?

तपासणीच्या सकाळी ती बाजारातून आली ती खुशीत होती. दार उघडलं आणि हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली. रेडिएटरवरचे दोन्ही टॉवेल कोवळ्या मटारासारखे हिरवे. घमेल्यांत हिरवं पाणी. फरशीवर हिरवट ओल. आणि देशुन गुडघ्यांवर बसून तिसरा टॉवेल पिळत होता. बायकोला पाहून त्याने हात वर केले. मनगटापर्यंत हिरवे.

"म्हातारे, बरं झालं आलीस," तो बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "बघ, रेडिएटरच्या पाण्याला काय झालंय! शेवाळ धरलंय वाटतं. त्या कंपनीवाल्याला कळवायला पा..."

तिने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला.

सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि कळलं त्यापेक्षा वाईट म्हणजे आठवलं. टॉवेल नेहमी कोमट असायचे. त्यांना गंजाचा वास यायचा. एकदा तिने टॉवेल नाकाशी धरून "हा कसला वास?" असं स्वतःलाच विचारलं होतं, आणि नाक बरं होतंय ना, मग असू दे, म्हणून सोडून दिलं होतं. नळाच्या बर्फासारख्या पाण्यात ती सुजलेली बोटं दिवसातून तीनदा कशी जात असतील, याचा तिने कधी विचार केला नव्हता. ती बोटं तिथे जातच नव्हती. गिरणीच्या वसाहतीत राहत होते तेव्हा सगळे रेडिएटरचं पाणी काढायचे, भांडी घासायचे, बाळांना आंघोळ घालायचे. बॉयलर गिरणीचा, गिरणी आपली, मग पाणी कुणाचं? देशुनच्या डोक्यात अजून तीच वसाहत होती. नव्या इमारतीत आल्यावर हे चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं तर तिनेच सांगायचं होतं.

पण त्या वेळी तिला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी नाही. शिंग आजीसाठी नाही, सुनोकसाठी तर नाहीच. तिच्या डोळ्यांसमोर थाओ वहिनीचं तोंड आलं. हे ऐकल्यावर ते कसं हसेल, कुठून कुठपर्यंत पसरेल, ते तिला स्पष्ट दिसलं.

तिने टॉवेल गुंडाळून धुण्याच्या यंत्रात कोंबले. घमेली संडासात ओतली, फरशी पुसली, फडकं पलंगाखाली सारलं. मग त्याचे हात मोरीत धरून साबण लावला, मीठ लावलं, व्हिनेगर लावलं. हात लाल झाले, पण हिरवेपणा जाईना. "अगं काय करतेस? दुखतंय," तो म्हणाला. "काय झालंय ते मोठ्याने बोल की!" मोठ्याने? पलीकडच्या भिंतीला कान होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात दोन माणसं होती आणि आवाज फक्त त्याचा होता. तिने ओठांवर बोट ठेवलं, त्याला ओढत पलंगापाशी नेलं, आडवा केला आणि रजई गळ्यापर्यंत ओढून हात आत खुपसले. पाण्याने आपल्याला काही रोग झालाय आणि बायको घाबरलीय, असं त्याला वाटलं असावं. तो तिच्याकडे पाहून केविलवाणं हसला आणि पडून राहिला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात फांग होता, हातात विजेरी. मागे थाओ वहिनी आणि आणखी दोघी, जत्रेला निघाल्यासारख्या.

"चला ताई," थाओ वहिनी म्हणाली. "आज दूध का दूध होऊन जाऊ दे. आधी पाचवा मजला!"

"तुम्ही जा ना," शूफन म्हणाली. "माझा म्हातारा आजारी आहे."

"अगं बाई, तुमच्याशिवाय कसं? तुम्हीच तर हे घडवून आणलंत."

ती गेली. रोज धाडधाड चढायची त्या पायऱ्या तिला त्या दिवशी संपेनात. सुनोकने दार उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि बाजूला झाली. आत मोठमोठी पातेली, गॅसवर उकळतं पाणी, आणि मिठात निथळणारे पांढरेशुभ्र कोबी. फांगने विजेरी सगळीकडे फिरवली. सुनोकने न सांगताच आपले हात पुढे केले. तिखटाने लालसर झालेले, बाकी स्वच्छ. तिला रंगाचं ठाऊक नव्हतं. चोरीचा आळ आलेला माणूस हात दाखवतो तसे तिने ते दाखवले होते.

"इथे काही नाही," फांग म्हणाला.

"कुणीतरी आधीच सांगितलं असणार," थाओ वहिनी पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "धुऊनबिऊन ठेवलं असेल. काय लुआन ताई?"

शूफनने मान हलवायची होती. हो किंवा नाही, कशीही. ती कोबींकडे बघत राहिली, आणि तिचं गप्प बसणंच होकार धरलं गेलं. "हो" म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणून तिला स्वतःची जास्त किळस आली.

"काकांना काय झालं?" सुनोकने विचारलं. "आजारी आहेत, असं ऐकलं."

"घसा," शूफन म्हणाली. "कोरड्या हवेने."

बाकीची घरं भराभर पाहून झाली. शेवटी फांग डोकं खाजवत म्हणाला, "ताई, नियम म्हणून तुमचंही बघून घेतो." तिला नाही म्हणता येईना. सगळे आत शिरले. फांगने रिकामी घमेली उलटी करून पाहिली. थाओ वहिनी रेडिएटरकडे बघून म्हणाली, "अगं, तुमचे ते नावाजलेले टॉवेल कुठे गेले?"

"धुवायला टाकलेत."

खोटं इतकं सहज आलं की तिलाच आश्चर्य वाटलं. आणि तेवढ्यात सुनोक आली. हातात वाडगा, त्यातून वाफ येत होती. खडीसाखर घालून शिजवलेली नासपती. "घशाला बरं वाटेल," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसून तिने वाडगा दोन्ही हातांनी देशुनसमोर धरला.

दोन्ही हातांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. देशुनची रजई हलली. त्याने बायकोकडे पाहिलं. शूफन चटकन पुढे झाली. "त्याचे हात गारठलेत. बाहेर काढू देऊ नकोस."

"मग मी भरवते," सुनोक म्हणाली.

आणि तिने खरंच भरवलं. चमच्याने एकेक फोड, फुंकर घालून. म्हातारा संकोचून तोंड उघडत होता. जिने आठवडाभर चोर म्हणून खाली मान घातली ती बाई, जिच्यामुळे मान घालावी लागली तिच्या नवऱ्याला, तिच्याच पलंगावर बसून भरवत होती. शूफनला वाटलं, हिने वाडगा आपल्या तोंडावर फेकला असता तर बरं झालं असतं. तिला उभं राहवेना आणि बसताही येईना.

एक थेंब देशुनच्या हनुवटीवरून गळ्याकडे ओघळला. पुसायला त्याचा हात आपसूक रजईबाहेर आला.

सुनोकची पाठ सगळ्यांकडे होती. हात तिने एकटीनेच पाहिला. चमचा थांबला. मग तिने शूफनकडे मान वळवली. त्या नजरेत राग असता तर शूफनला त्याचं काय करायचं ते ठाऊक होतं. सुनोकने हिरवा हात हळूच रजईखाली सारला, स्वतःच्या बाहीने म्हाताऱ्याची हनुवटी पुसली आणि उठली.

"चला आता," ती दारातल्यांना म्हणाली. "आजारी माणूस आहे. इथे बघण्यासारखं काही नाही."

फांगने खांदे उडवले. सगळे दाराबाहेर पडून जिन्यात थांबले. सुनोक रिकामा वाडगा घेऊन वर निघाली. दोन-चार पायऱ्या चढली असेल, तेवढ्यात थाओ वहिनी शूफनला म्हणाली, "मग राहिलं कोण? तुम्ही म्हणता तेच खरं. ज्यांच्या घरी ढिगाने कोबी धुतले जातात, त्यांनाच विचारायला हवं. आता हिला घर खाली करायला सांगा म्हणावं घरमालकाला. तुम्ही सांगितलंत की तो ऐकेल."

सुनोक थांबली. वळली नाही. कठडा धरून तशीच उभी राहिली, आणि तिचे खांदे हलू लागले.

"म्हातारे!" आतून देशुनचा आवाज आला. उघड्या दारातून त्याला जिना दिसत होता. "ही थाओ काय म्हणते गं? सुनोक का रडतेय?"

"काही नाही," शूफन म्हणाली.

"आं?"

"काही नाही म्हटलं!"

"मोठ्याने बोल! काय झालंय पोरीला?"

शूफन दारातून आत गेली, पलंगापाशी वाकली. त्याच्या कानात कुजबुजता आलं असतं तर ती कुजबुजली असती आणि तिने हे एवढ्यावरच निभावून नेलं असतं, यात मला शंका नाही. ती काही एकाएकी देवमाणूस झाली नव्हती. पण तो उत्तराची वाट बघत होता. त्याला आणखी एक "काही नाही" सांगायचं आणि जिन्यात ती बाई तशी उभी असायची, हे तिला जमेना. तिने श्वास घेतला.

"पाणी!" ती ओरडली. "रेडिएटरचं पाणी काढायचं नसतं! त्याने वरचं घर थंड पडतं! शिंग आजी गारठली ती आपल्यामुळे! पाणी आपण चोरलं, आपण! सुनोकने नाही! सुनोकने थेंबभर नाही घेतलं!"

सहाच्या सहा मजल्यांनी ऐकलं. थाओ वहिनीचं तोंड उघडं राहिलं, पण त्यात हसू नव्हतं. शूफनला वाटलं, झालं, सुटले एकदाची.

देशुन उठून बसला. रजई सरकली. त्याने दोन्ही हात समोर धरून उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. आजीचं घर, रंग, सकाळचं घासणं, ओठांवरचं बोट, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक येताना दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणून हात लपवलेस होय," तो म्हणाला. "मला वाटलं, मी आजारी आहे."

तिने सरकलेली रजई सावरायला हात पुढे केला.

"पण पाणी मी काढलं," तो हळूहळू म्हणाला, "तर या पोरीचं नाव कुणी घेतलं?"

तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. दारात फांग होता, जिन्यात बाकीचे, आणि पायऱ्यांवर सुनोक आता वळून उभी होती.

"मी," शूफन म्हणाली.

इतक्या हळू की दारातल्या फांगलाही ऐकू गेलं नसेल. म्हाताऱ्याला मात्र कळलं. तो आडवा झाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

शूफनला अजून खूप सांगायचं होतं. ती त्याच्या पाठीशी उभी राहून बोलू लागली, आधी हळू, मग मोठ्याने, मग आपल्या सगळ्या आवाजानिशी. तो वळला नाही.